घरट्याबद्दल माझं मत

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे. तूही बरी असशील असं तूर्त धरून चालते. सहा वर्षांनी लिहितेय, तेव्हा खुशालीच्या चार ओळी जास्त हव्यात हे कळतं, पण ते जमणार नाही. आधी घडलं ते क्रमाने देते.

१. २३ जानेवारीला तुझी कादंबरी टपालाने मिळाली. आत तुझं कार्ड होतं : 'वाच आणि खरंखुरं मत कळव. भिडेखातर नको.'

२. २५ तारखेपर्यंत मी ती दोनदा वाचली.

३. १ फेब्रुवारीला, रविवारी, संध्याकाळी पाच ते सात तुझा वाचकांशी गप्पांचा कार्यक्रम झाला. त्याचं थेट प्रक्षेपण मी घरी बसून पूर्ण पाहिलं.

४. त्याच संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, वाचक जिथे पुस्तकांवर मतं लिहितात त्या संकेतस्थळावर, तुझ्या कादंबरीखाली 'जागरूक वाचक' या नावाने एक मत आलं.

५. सोमवारी सकाळी तू त्याला उत्तर दिलंस : 'इतक्या बारकाईने वाचल्याबद्दल आभार! पुढच्या आवृत्तीत नक्की विचार करीन.'

६. मंगळवारी मी ते मत छापून घेतलं.

७. तेव्हापासून मला धड जेवण गेलेलं नाही. हा मुद्दा या यादीत बसत नाही, पण घडलेला आहे.

पत्र घरी न पाठवता तुझ्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरचं टपाल बाबा आधी उघडतात आणि मग 'अगं, चुकून फुटलं' म्हणतात. हे पत्र घरी नेऊ नकोस. वाचून झालं की तुझ्या टेबलाच्या कुलपाच्या खणात ठेव. कारण पुढे येईल. मी क्रमाने लिहितेय, तूही क्रमाने वाच. शेवटचं पान आधी वाचायची तुझी सवय या एका पत्रापुरती सोड.

आधी पुस्तकाबद्दल, कारण तू तेच विचारलं होतंस.

'रांगेतलं सातवं घर' चांगलं आहे. वसाहत डोळ्यांपुढे उभी राहते. शहराच्या कडेला एकाला एक चिकटलेली बारा घरं, पुढे हातभर बाग, मागे सामाईक बोळ, आणि त्या बोळात सगळ्यांच्या गॅस गीझरच्या नळ्या भिंतीतून एकसारख्या बाहेर आलेल्या. आपण तिथेच वाढलो, तेव्हा मी काही तटस्थ वाचक नाही. सातव्या घरातली बाई आंघोळीला जाते आणि बाहेर येत नाही. नळीत चिमणीचं घरटं अडकल्यामुळे विषारी वायू आत कोंडला, असं सगळे धरून चालतात. मग टपाल कचेरीतून निवृत्त झालेली बाई शोध घेते आणि शेवटी कळतं, की घरटं चिमणीने नव्हे, शेजारच्या गाणं शिकवणाऱ्या बाईने आणून ठेवलं होतं.

आईचं मरण तू पुस्तकात घेतलंस याचा मला राग नाही. येईल असं तुला वाटलं असावं. आई गेली तेव्हा तू एकोणीसची होतीस, मी तेराची. प्रत्येकीला ते कुठेतरी ठेवायचं होतं. मी गॅसच्या उपकरणांची तपासनीस झाले. लोकांच्या घरात जाऊन हवेत काय आहे ते मोजते. तू कादंबरी लिहिलीस. दोन्ही एकच काम आहे असं मी म्हणणार नाही, पण सुरुवात एकाच बाथरूमपासून झाली.

आज सकाळपर्यंत तुझ्या पुस्तकाखाली दोनशे चौदा मतं होती. मी सगळी वाचली. काही उतरवून पाठवते, कारण तू ती भीतभीत वाचतेस असं कार्यक्रमात म्हणालीस.

'एका बैठकीत संपवलं. दूध उतू गेलं, पण संपवलं.'

'खुनी मी दुसऱ्या प्रकरणातच ओळखला. खोटं वाटत असेल तर माझ्या बहिणीला विचारा.' त्याखाली बहिणीने लिहिलंय : 'हिने एकूण चार नावं घेतली होती.'

'निवृत्त पोस्टमास्तरीणबाई झकास! पुढच्या पुस्तकात त्यांना परत आणा, फक्त गुडघ्यांना जरा आराम द्या. किती जिने चढवाल?'

'घरट्याने माणूस मरतो? काहीही हं.' या माणसाला मीच उत्तर द्यायला हवं होतं. मरतो. गेल्या वर्षभरात मी अशा दोन घरांत जाऊन आलेय.

आणि एक : 'नवरा जरा जास्तच चांगला दाखवलाय. पुस्तकात इतका चांगला नवरा दिसला की मी आधी त्याच्यावरच संशय घेते. पण लेखिकेने मला हरवलं.'

हे मत मी परत परत वाचलं.

आता 'जागरूक वाचक'. तू आभार मानलेस म्हणजे वाचलं असशीलच, पण घाईत वाचलं असशील. छापील प्रतीवरून जसंच्या तसं देते :

'दुरुस्त्या. १) घरट्याने नळी पुरती बंद होत नाही. काड्यांमधून वायू निघून जातो. २) साडेतीन इंची नळी बंद करायची तर ओला कागद लागतो. सुकताना तो नळीला धरून बसतो. ३) लेखिकेने हे तपासून घ्यायला हवं होतं. एरवी मांडणी नेटकी आहे, पण हे चालणार नाही.'

खाली 'उनाड पान' नावाच्या कुणीतरी टोमणा मारला : 'काका, तुम्ही स्वतः हजर होतात की काय?'

त्यावर 'जागरूक वाचक', सहा वाजून बावन्न मिनिटांनी : 'हजर असण्याचा प्रश्न नाही. साधं तर्कशास्त्र आहे. कागद लिहिलेला असेल तर शाई भिजून पसरते. चांगला पुरावा होता. लेखिकेने वाया घालवला.'

बुधवारी मी हा कागद कामावर नेला. आमचे वरिष्ठ बोलले की दोन मजले ऐकू जातं, म्हणून त्यांना आम्ही भोंगा म्हणतो. अर्थात पाठीमागे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं.

"कोण हा? आपल्यातला दिसतोय. फिटर असणार."

"फिटर मिलिमीटरमध्ये लिहील, सर. हा इंच लिहितोय."

"मग म्हातारा फिटर."

"पुस्तकात नळीचं माप कुठेच दिलेलं नाही."

"अगं, कादंबरी आहे ती! तू काय तिचं ऑडिट करायला बसलीस? कुणाला काही सुचतं, कुणी काही लिहितो. माझी बायको मालिका बघताना दिग्दर्शकाला हाका मारून सूचना देते." मग त्यांनी ते दुसरं उत्तर वाचलं आणि भोंग्याचा आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. "लिहिलेला कागद... हे कुठून काढलं यानं? तुझा कोण लागतो हा?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

ते खोटं होतं.

आजच्यापुरतं इथे थांबते. जे लिहायला बसले ते अजून आलेलंच नाही, हे माझ्या लक्षात आहे.

शनिवार, ७ फेब्रुवारी

आज सकाळी चहा करताना पुन्हा पाहिलं. ते मत काढून टाकलंय. आता दोनशे तेरा आहेत. 'उनाड पाना'चा टोमणा तेवढा तसाच लोंबकळतोय, कोणत्या काकांना विचारलं ते कळत नाही. तू मानलेले आभारही कुणाचे ते कळत नाही. म्हणजे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलंय, की आपण जास्त बोललो. त्यामुळे हातात वेळ कमी आहे असं मी धरते, आणि टाळत होते ते लिहिते.

आई गेली त्या रविवारी काय झालं, ते मी तुला आणि इतरांना सांगितलं तसं नाही.

त्या आठवड्यात घरात काय चाललं होतं ते तुला आठवत असेल. आईला दुसऱ्या गावच्या इस्पितळात परिचारिकेची नोकरी लागली होती. सोमवारी ती मला घेऊन जाणार होती. माझा शाळेचा दाखलाही तिने काढून आणला होता. बाबा वरवर एक शब्द बोलले नव्हते. बोललीस ती तू. शुक्रवारी संध्याकाळी ती बॅग भरत होती आणि तू दारात उभी होतीस.

"जा ना. बाबांना एकटं टाकून खुशाल जा. तिकडे मेलीस तरी मला कळवू नकोस."

"कळवायला मी कशाला येऊ?" आई म्हणाली आणि हसली. "बाजूला हो, उजेड अडवतेस."

मी पलंगावर बसून तिचे मोजे जोडीने लावत होते. तुझं ते वाक्य मी पाठ केलं नव्हतं, पण पाठ झालं.

रविवारी सकाळी तू नऊ वाजता क्लासला गेलीस. बाबा चष्म्याची काडी बदलून आणायला बाहेर पडले. दहाला दहा कमी असताना आई आंघोळीला गेली. साडेदहाला माझ्या लक्षात आलं की पाणी एकाच सुरात वाहतंय. अंगावर ओतताना आवाज बदलतो, तसा बदलत नाहीये. मी हाका मारल्या. मग शेजारच्या काकांना बोलावलं. त्यांनी दार फोडलं. एवढं तुला माहीत आहे.

तुला माहीत नाही ते यापुढे. घरात माणसं जमल्यावर मी मागच्या दाराने बोळात गेले. का गेले, ते सांगता येणार नाही. आपल्या गीझरच्या नळीच्या तोंडाशी पांढरं काहीतरी दिसत होतं. मी बादली पालथी घातली, वर चढले आणि ते ओढून काढलं. कागदाचा घट्ट बोळा होता. अजून दमट, आतल्या टोकाला तांबूस झालेला. वरच्या पानावर जांभळ्या शाईत तुझं अक्षर होतं. शाई पसरली होती, तरी अर्धी ओळ वाचता येत होती : 'ती दारात उभी होती आणि'. तेव्हा तू त्या जांभळ्या शाईच्या पेनाने गोष्टी लिहायचीस. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाहीस.

मी तेरा वर्षांची होते. माझ्याजवळ तीन गोष्टी होत्या : तुझं शुक्रवारचं वाक्य, तुझा कागद आणि तुझी शाई. मी बेरीज केली.

बोळा मी फ्रॉकच्या खिशात घातला. पलीकडच्या कुलूपबंद घराच्या नळीत गेल्या हंगामातलं चिमणीचं रिकामं घरटं होतं, ते आपण दोघींनी पाहिलं होतं. ते काढून मी आपल्या नळीत बसवलं. तीन वाजता गॅस कंपनीचा माणूस आला तेव्हा त्याला हाताला धरून बोळात नेलं आणि म्हटलं, "काका, हे बघा." त्याने घरटं काढलं, मान हलवली, वहीत लिहिलं. तू क्लासहून आलीस ती तेव्हाच. ते घरटं त्याच्या हातात बघून तू खाली बसलीस.

म्हणजे तुझ्या कादंबरीतलं ठेवलेलं घरटं खरोखरच ठेवलेलं होतं. गाणं शिकवणाऱ्या बाईने नव्हे. मी.

त्या संध्याकाळी बाबांनी मला जवळ घेतलं. डोक्यावर हात ठेवून दोनच शब्द म्हणाले, "शहाणी मुलगी." मला वाटलं, त्यांनाही कळलंय तू काय केलंस ते, आणि आम्ही दोघं मिळून तुला सांभाळतोय. बारा वर्षं मला असंच वाटत आलं. नळीत काय होतं, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. ज्याची बायको अशी गेली तो माणूस विचारतो, ताई. मी कामानिमित्त अशा दोन नवऱ्यांना भेटलेय. ते सोडत नाहीत. तेच तेच विचारतात. हे माझ्या लक्षात यायला मला एका अनोळखी वाचकाचं मत वाचावं लागलं.

आता तुझ्याबद्दल. तुझं लग्न ठरलं त्या दिवशी तू मला गच्चीवर विचारलंस, "माझ्यावर कसला राग धरून बसलीस तू?" आणि मी म्हटलं, "तुला रात्री शांत झोप लागते का, एवढंच सांग." तू मला चालती हो म्हणालीस. बरोबरच होतं. तुझं ते लग्न मोडलं, तू बाबांकडे परत आलीस, तेव्हाही मी आले नाही. तुला वाटलं मी गर्विष्ठ आहे. तुला खुनी मानून मी तुझ्यासाठी खोटं बोलले आणि तेवढ्यासाठीच तुझ्यापासून लांब राहिले. हे वाक्य मी तीनदा खोडलं. दुसरं सापडत नाही.

तू ते केलेलं नाहीस. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही.

नळीत कागद होता हे फक्त दोन माणसांना माहीत आहे : जिने काढला तिला आणि ज्याने ठेवला त्याला. तू ठेवला असतास, तर तीनशे पानांचा डोलारा घरट्यावर उभा केला नसतास. तुझ्या पुस्तकातली चूक हाच तुझा पुरावा आहे. शिवाय सहा वाजून दहा मिनिटांनी तू मंचावर होतीस, एका आजोबांच्या प्रश्नावर हसत होतीस आणि पाण्याचा पेला शोधत होतीस. मी पाहत होते. पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती. तू म्हणालीस, "बाबा येणार होते, पण कणकण वाटतेय म्हणून घरीच थांबले."

घरी. जिथे तुमचा दोघांचा एकच संगणक आहे.

बाबांनी पुस्तक वाचलेलं नाही, असं तू कार्डात लिहिलंस. 'रहस्यकथा म्हणजे वेळेचा अपव्यय म्हणतात, तू ओळखतेसच त्यांना.' ओळखते. आयुष्यभर त्यांनी कचेरीत बसून इमारतींचे नकाशे काढले. इंच सोडून ते मिलिमीटरवर कधी आले नाहीत आणि चूक समोर दिसली की त्यांचा हात थांबला नाही. वाढदिवसाला आपण केलेलं कार्ड त्यांनी लाल पेन्सिलने तपासून परत दिलं होतं. आई गेल्याच्या छापील बातमीत तिचं वय दोन वर्षांनी चुकलं, तर त्याच दिवशी दुरुस्त केलेला अंक त्यांनी वर्तमानपत्राच्या कचेरीत नेऊन दिला. घर माणसांनी भरलेलं होतं आणि ते पेन्सिलीला टोक काढत होते. तेव्हा सगळे म्हणाले, दुःखाने माणूस असा होतो.

आकडे घालून लिहायची सवय मलाही त्यांच्याकडूनच लागली.

आणखी दोन गोष्टी, ज्या मी तेव्हा बेरजेत धरल्या नाहीत. शनिवारी संध्याकाळी बाबा बोळात बादली घेऊन उभे होते. "काय करताय?" मी विचारलं. "नळ्या पुसतोय. कोळिष्टकं झालीत." आणि रविवारी सकाळी ते आपल्याला म्हणाले होते, "टाकीत पाणी कमी आहे. आज आईला आधी आंघोळ करू दे, तिला प्रवासाची तयारी करायचीय. तुम्ही मागाहून करा." म्हणून तू नुसतं तोंड धुऊन गेलीस आणि मी पारोशी राहिले. मला तेव्हा वाटलं होतं, किती काळजी घेतात तिची.

आता कार्डाची मागची बाजू. सहा वर्षांनी लिहिताना जागा भरायला काहीतरी हवं म्हणून तू लिहिलं असशील : 'वरच्या मजल्यावरचा विजेचा गीझर बिघडला, म्हणून बाबांनी माझ्या बाथरूममध्ये गॅसचा बसवून घेतला. मी नको म्हणत होते, पण ते म्हणाले, एवढ्या वर्षांनी भीती धरून काय बसायचं. पाणी पटकन तापतं हं पण.'

बाबा खाली राहतात. त्यांच्या बाथरूममध्ये अजून विजेचाच आहे, की तोही बदलला? मला वाटतं, तोच आहे.

आणि कार्यक्रमाच्या शेवटी तू सगळ्यांसमोर सांगितलंस, की १ मार्चपासून तू दुसऱ्या गावी राहायला जाणार. टाळ्या पडल्या. तू म्हणालीस, "बाबांना अजून नीट पटवायचंय." आईलाही पटवायचं होतं.

मी चूक असू शकते. गीझर खरंच बिघडला असेल, त्यांना खरंच कणकण असेल, आणि साडेतीन इंच हे माप कुणीही अंदाजाने लिहू शकतो. माझ्या कामात संशय आला की आम्ही वाद घालत नाही, झडप बंद करतो. मग तपासतो. संशय खोटा निघाला तर लोक फार तर चिडतात.

तेव्हा एवढं कर. वरच्या बाथरूममध्ये आंघोळ करू नकोस, एकदाही नाही. वाचनालयाजवळ राहणाऱ्या तुझ्या मैत्रिणीकडे कर, कारण काहीही सांग. सोबत एक पांढरी डबी पाठवलीय, हवेत विषारी वायू साचला की ती वाजते. ती तुझ्या झोपायच्या खोलीत, उशीच्या उंचीला, पुस्तकांच्या मागे ठेव. ती वाजली तर खिडकी उघडायला थांबू नकोस, सरळ बाहेर रस्त्यावर जा. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं : तू पोस्टमास्तरीणबाई होऊ नकोस. गोड बोलून त्यांच्याकडून काही काढून घ्यायला जाऊ नकोस. तुला ते जमेल असं वाटेल. त्यांनी तुझं पुस्तक वाचलंय. तुझं डोकं कसं चालतं हे त्यांना आता पानोपान माहीत आहे.

पोलिसांकडे जाणारच आहे. मी पुरावा हलवला, खोटं सांगितलं. त्याचं जे व्हायचं ते होऊ दे. पण तू त्या छपराखाली असताना त्यांच्या दारात पोलीस उभे राहायला नकोत. आधी तू बाहेर.

पत्र दुपारी इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. चार वाजलेत. एक काम राहिलं होतं, ते आत्ता केलं.

तो बोळा माझ्याकडे आहे. बारा वर्षं पत्र्याच्या डबीत, दोन घरं बदलली तरी सोबत. मी तो कधीही उघडला नव्हता. वरच्या पानावर तुझं अक्षर होतं, तेवढं मला पुरलं. तू लहानपणी मला मोजपट्टी म्हणायचीस, कारण मी पोळपाटापासून मांजरीच्या शेपटीपर्यंत सगळं मोजायचे. आणि या मोजपट्टीने एकुलता एक पुरावा बारा वर्षं उलगडून पाहिला नाही. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला कामावर ठेवलं नसतं.

आज तो मी कोमट पाण्यात भिजवला आणि चिमट्याने थर सुटे केले. सहा पानं निघाली. तुझ्या पुस्तकाच्या मनोगतात एक वाक्य आहे : 'या गोष्टीची अगदी पहिली पानं मी एकोणिसाव्या वर्षी लिहिली, बाबांना तपासायला दिली आणि ती घरात कुठेतरी हरवली.' हरवली नव्हती. हीच ती.

तुझी जांभळी शाई जवळपास सगळी गेलीय. 'जागरूक वाचका'चं तेवढं बरोबर आहे, शाई पाण्यात पसरते. पण पेन्सिल पसरत नाही, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. सगळ्यात आतल्या पानाच्या समासात, तुझ्या पुसून गेलेल्या ओळींच्या शेजारी, लाल पेन्सिलने लिहिलेलं आजही स्वच्छ वाचता येतं : 'हे चालणार नाही.'

त्या पानाची छायाप्रत सोबत आहे. हस्ताक्षर कुणाचं ते मी तुला सांगत नाही. तू मला सांग.

गुरुवारी, १२ तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत तुझी ओळ आली नाही, तर शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी मोजायचं यंत्र घेऊन दारात असेन. दार बाबांनी उघडलं तर म्हणेन, तपासणी आहे.

तुझी,
मोजपट्टी

ता. क. उत्तर माझ्या कामाच्या पत्त्यावर पाठव, घरून फोन करू नकोस. गुरुवारपर्यंत. एक ओळ पुरे.